शेजाऱ्याची वाढ रोखणारे गाजरगवत

पावसाळ्यात चाकणजवळच्या पडीक जमिनीवर, भोसरीच्या रिकाम्या भूखंडांवर किंवा पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचे एक झुडूप माजलेले तुम्ही पाहिले असेल. हेच गाजरगवत. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. खरे पाहता ते गवत नाही आणि गाजराच्या कुळातलेही नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. मूळच्या अमेरिकेतल्या या झाडाची पुण्यातील नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर पसरले.

इतर झाडांना ते मागे कसे टाकते? ते भराभर वाढते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते, हे एक कारण. दुसरे कारण रासायनिक आहे. त्याच्या मुळांतून, पानांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून फिनॉलिक आम्ले जमिनीत उतरतात. सहा कार्बन अणूंचे कडे आणि त्याला जोडलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, अशी यांची मूळ रचना असते. कॅफेइक, फेरुलिक, व्हॅनिलिक ही त्यांतली काही नावे. पार्थेनिन नावाचे वेगळ्या जातीचे एक कडू द्रव्यही त्यांच्या जोडीला असते. या साऱ्यांमुळे कोवळ्या रोपांची मुळे खुंटतात. कांचन आणि जयचंद्र या शास्त्रज्ञांना असेही आढळले, की जमिनीत नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंनाही या झाडातील द्रव्ये बाधतात.

एका सजीवाने तयार केलेल्या रसायनाने दुसऱ्याची वाढ रोखावी, हे नवलाचे नाही. पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेही एका बुरशीने बनवलेले, जीवाणूंना मारणारे रसायनच!

मग गाजरगवत उगवलेली जमीन कायमची नासते काय? नाही. मातीतील कितीतरी सूक्ष्मजीव फिनॉलिक आम्ले खाऊन त्यांचे विघटन करतात. काही आम्ले मातीच्या कणांना चिकटून बसतात. म्हणूनच प्रयोगशाळेतील बशीत दिसणारा परिणाम शेतात तेवढाच दिसेल, असे नाही.

यातच शेतकऱ्याच्या उपयोगाची गोष्ट आहे. गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे. ताजा पाला पिकाच्या मुळाशी न घालता खड्ड्यात पूर्ण कुजवावा. मग त्याचे खत होते. मात्र उघड्या हातांनी त्याला शिवू नका. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो.

घरी प्रयोग करायचा तर नीलगिरीची पाने घ्या. त्यांतही फिनॉलिक पदार्थ असतात. ती ठेचून रात्रभर पाण्यात भिजवा आणि पाणी गाळून घ्या. दोन बशांत टिपकागदावर वीस-वीस मूग ठेवा. एका बशीत हे पाणी घाला, दुसरीत साधे. चार दिवसांनी मोड मोजा, मुळांची लांबी पट्टीने मापा. नंतर हाच प्रयोग दोन कुंड्यांतील मातीत करा. बशीतला फरक मातीतही तेवढाच दिसला का, हे वहीत नोंदवा.