काचपट्टीवरच्या घड्या

अंगभर लाल होऊन सोलणारी, रात्रंदिवस खाजणारी त्वचा घेऊन माणसं येतात, तेव्हा बहुतेकदा कारण सोरायसिस, इसब किंवा औषधाची ॲलर्जी असतं. क्वचित त्याआड सेझरी सिंड्रोम असतो. हा त्वचेचा लिम्फोमा. यात बिघडलेल्या टी-पेशी, म्हणजे सेझरी पेशी, रक्तातही फिरतात. त्यांचा पहिला माग जळगाव-धुळ्याच्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही लागू शकतो.

अशाच एका लॅबमध्ये मी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त ताजं असतानाच स्मिअर ओढते. काचपट्टीवर थेंब, त्याला तिरकी टेकवलेली दुसरी पट्टी. थेंब कडेनं पसरला की एका झपाट्यात पुढे. थर जिभेच्या आकाराचा, शेपटीकडे विरळ होत जाणारा हवा. मग लिशमन स्टेन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांवर जातो, स्टेनमधलं मिथेनॉल भराभर उडतं आणि काचेवर रंगाचे कण बसतात. म्हणून पट्टी झाकून ठेवायची. दोन मिनिटांनी ६.८ पीएचचा बफर, स्टेनच्या दुप्पट. बोअरचं जड पाणी घातलं तर सगळंच निळं होतं.

ऑइल इमर्शनखाली शेपटीच्या जरा आतला भाग लावायचा. निरोगी लिम्फोसाइटचं केंद्रक गोल, गुळगुळीत काठाचं. सेझरी पेशीच्या केंद्रकावर मेंदूसारख्या वळ्या; फाइन फोकस हळूहळू फिरवला की एकेक घडी दिसू लागते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आल्बेर सेझरी यांनी १९३८ मध्ये बुव्राँ यांच्यासोबत या पेशींची नोंद केली.

अशा थोड्या पेशी साध्या त्वचारोगातही सापडतात, म्हणून एवढ्यावर निदान होत नाही. दर मायक्रोलिटरला १००० किंवा जास्त सेझरी पेशी, फ्लो सायटोमेट्रीत सीडी४ आणि सीडी८ यांचं प्रमाण १० किंवा अधिक, त्वचेत आणि रक्तात टी-पेशींचा एकच क्लोन, असे पुरावे जुळवावे लागतात. त्यासाठी परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जावं लागतं.

पण तिथवर पोचण्याआधी कुणाला तरी शंका यायला हवी. सेल काउंटर लिम्फोसाइट मोजतो, त्यांच्या घड्यांबद्दल काही सांगत नाही. फॉर्मवर नुसतं ‘सीबीसी’ असेल, तर गर्दीच्या सकाळी आकडे जुळले की स्मिअरवर एक नजर टाकून पट्टी बाजूला जाते. ‘अंगभर लाली, महिनोन्‌महिने खाज, काखेत गाठी’ एवढं लिहिलेलं असेल, तर मी तीच पट्टी सावकाश, फील्डमागून फील्ड पाहते आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमपुढे ठेवते. डॉक्टरांनी ही एक ओळ लिहावी. नाही लिहिली, तर पेशंटनं स्वतः आम्हाला सांगावं.