कार्ट्रिज की सीडी?

जून १९९१. शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निन्टेंडोबरोबर बनवत असलेला सीडीवरचा गेम कन्सोल जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने भागीदार म्हणून फिलिप्सचे नाव घेतले! सोनीचे अभियंते केन कुतारागी मात्र मागे हटले नाहीत. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन आले.

१९९६ चा निन्टेंडो ६४ कार्ट्रिजवरच राहिला. त्याला कारणही होते. कार्ट्रिजमधल्या चिपवरून माहिती जवळजवळ तत्काळ मिळते. सीडीवर लेझरला सरकत जाऊन योग्य जागा शोधावी लागते, तोवर खेळाडू ताटकळतो. अडचण होती जागेची. ‘सुपर मारिओ ६४’ अवघ्या ८ मेगाबाइटमध्ये बसवला होता, हे कसब मला आजही थक्क करते. पण एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत, आणि सीडी छापायलाही स्वस्त.

आधीचे भाग निन्टेंडोवर गाजलेली ‘फायनल फँटसी’ मालिका म्हणूनच प्लेस्टेशनकडे वळली. जपानी खेळाडू ज्याची आतुरतेने वाट पाहत होते, तो सातवा भाग जानेवारी १९९७ मध्ये तीन सीडींवर आला. पुढे प्लेस्टेशनची विक्री १० कोटींपलीकडे गेली. निन्टेंडो ६४ सुमारे ३.३ कोटींवर थांबला.