घरचा संगणक एक, खाती वेगवेगळी

आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरी आजही एकच संगणक आहे. विद्यानगर असो, केशवापूर असो की धारवाडचे मालमड्डी, हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या एका यंत्रावर आजोबांच्या मुदत ठेवी, सूनबाईंचे ऑफिसचे काम आणि नातवाचे गेम एकाच नावाखाली चालतात. बटण दाबले की थेट पडदा उघडतो, पासवर्डची भानगड नाही. सोय आहे खरी, पण बँकेत जन्म घालवलेल्या आम्हाला ते पाहून धडकीच भरते.

दुकानदार संगणक सुरू करून देतो तेव्हा उघडलेले पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे असते. त्यातून नवा प्रोग्राम बसवताना पडदा काळवंडतो आणि फक्त 'हो की नाही' एवढेच विचारले जाते. 'हो' म्हटले की त्या प्रोग्रामला सारे घर मोकळे. तो इतरांच्या फायली वाचू शकतो, विंडोजच्या मूळ फायली बदलू शकतो, अँटिव्हायरसही बंद पाडू शकतो. आणि 'हो' दाबायला दहा वर्षांच्या मुलाला किती वेळ लागतो?

शाखेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. नोंद करणारा वेगळा, पास करणारा वेगळा. शाखांमध्ये संगणक आले तेव्हा हीच रीत त्यातही आली. क्लार्कच्या लॉगिनमधून नोंद व्हायची, पण अधिकाऱ्याच्या लॉगिनशिवाय ती पुढे सरकत नसे. यात कोणावर संशय नव्हता. मॅनेजरसुद्धा दिवसभर दोन्ही किल्ल्या खिशात घालून फिरत नाही.

संगणकाच्या जगात ही कल्पना जुनीच आहे. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये घडत गेलेल्या युनिक्समध्ये एकाच यंत्रावर अनेकजण काम करत, म्हणून सर्वाधिकारी 'रूट' वेगळा आणि बाकीचे वेगळे. घरगुती विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मात्र अशी भिंत नव्हती. २००१ च्या एक्सपीत 'लिमिटेड' खाते आले, पण पुष्कळ प्रोग्राम त्यात नीट चालतच नसत, म्हणून लोक कंटाळून ॲडमिनिस्ट्रेटरकडेच परतले. २००७ च्या व्हिस्टापासून परवानगी विचारणारी ती चौकट आली. लोकांनी तिला शिव्या घातल्या, तरी आमच्या मते ती योग्यच होती. आता लिमिटेडला 'स्टँडर्ड' म्हणतात.

करायचे एवढेच. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समधून एक नवे खाते उघडा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि चांगला पासवर्ड द्या. त्या खात्यात एकदा शिरून पाहा. मग तिथूनच रोजच्या जुन्या खात्याचा प्रकार बदलून स्टँडर्ड करा. हा क्रम मोडू नका. जुन्या खात्यातल्या फायली, फोटो जागच्या जागी राहतात. घरातल्या इतरांना आपापली स्टँडर्ड खाती, प्रत्येकाला आपला पासवर्ड. यापुढे नवा प्रोग्राम बसवताना ती चौकट 'हो' वर भागवणार नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल. नातू हाक मारेल, मोठे माणूस येऊन चौकटीतले प्रकाशकाचे नाव वाचेल, मगच पासवर्ड घालेल. तिथे 'अननोन पब्लिशर' दिसले तर तूर्त नाही म्हणावे.

अडचणी येतात, त्यांवर तोड आहे. काही जुने गेम आणि हिशेबाचे जुने प्रोग्राम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात. स्टँडर्ड खात्याला 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायची मुभा नसते, म्हणून ते रुसतात. त्यासाठी रोज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे हा उपाय नव्हे. त्या एका फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीत जाऊन 'युजर्स'ना 'मॉडिफाय'ची मुभा द्यावी. फक्त त्या फोल्डरला, सबंध सी ड्राइव्हला चुकूनही नाही. कन्नड किंवा मराठी फाँट सगळ्यांसाठी बसवायचा, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोटाच्या ठशाचे यंत्र जोडायचे, तर त्या वेळेपुरता पासवर्ड लागेल. वर्षातून एकदोनदा येणारा प्रसंग आहे, तक्रार कशाला?

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे महत्त्वाची कागदपत्रे डी ड्राइव्हवर ठेवायची सवय आहे. प्रत्येकाचे 'डॉक्युमेंट्स' फोल्डर दुसऱ्या स्टँडर्ड खात्याला उघडत नाही, पण डी ड्राइव्ह साधारणपणे सर्वांना खुला असतो. तेव्हा पासबुकाच्या प्रती, आयकराची विवरणपत्रे डॉक्युमेंट्समध्ये हलवावीत. लग्नाचे फोटो सर्वांनी पाहायचे असतील तर त्यासाठी 'पब्लिक' फोल्डर आहेच.

या बंदोबस्ताला मर्यादाही आहेत. काही प्रोग्राम परवानगी न मागता केवळ त्या माणसाच्या खात्यापुरते बसतात. दूरवरून आपला पडदा दाखवणारी ॲप्सही अशी चालू शकतात, आणि फोनवरून गोड बोलून फसवणारे तीच उतरवून घ्यायला सांगतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस नातवाच्या खात्यात शिरला तर नातवाच्या आणि डी ड्राइव्हसारख्या सामाईक जागेतल्या फायली जातील, आजोबांचे डॉक्युमेंट्स सहसा वाचतील. म्हणून महिन्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा, त्यात तासाचाही उशीर नको. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात असू द्या.

काही घरांत विचारतात, "आपल्याच माणसांत पासवर्ड? हे तर वाटण्या केल्यासारखे झाले." चूल एक असली तरी प्रत्येकाचे कपाट वेगळे असतेच ना? शिवाय नातवाचे एखादे बटण चुकले म्हणून आजोबांच्या ठेवीवर बेतले, तर त्या घरात जे बोलणे होईल ते वाटणीपेक्षा कडू असेल.

राहिला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. बँकेत स्ट्राँगरूमच्या जोडकिल्ल्या लखोट्यात सील करून दुसऱ्या शाखेत ठेवत. तसाच हा पासवर्ड कागदावर लिहून लखोट्यात घालावा, वर तारीख टाकावी आणि कपाटात ठेवावा. तो लखोटा कुठे आहे हे घरातल्या दोघा मोठ्यांना ठाऊक असावे, एकालाच नव्हे.