वही बदलावी, खाते राखावे

दिवाळीच्या मुहूर्तावर जुनी वही बंद करून नव्या वहीत शिल्लक ओढावयाची, हा आपल्या पेढ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. वही कोणत्या कारखान्याची, तिचा पुठ्ठा कसा, याची चिकित्सा कोणी करीत नाही. शिल्लक बिनचूक उतरली म्हणजे झाले. परंतु पेढीची जी दुसरी वही दूरदूरची गिऱ्हाइके वाचीत असतात, म्हणजे आपले संकेतस्थळ, तिच्या बाबतीत हा साधा न्याय आम्ही विसरलो व त्याचे मोल दिले. तो अनुभव सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने येथे नमूद करीत आहे.

आमची पेढी कलबुर्गीच्या गंजातील. व्यवहार तूर व तूरडाळीचा. २००४ साली पुतण्याने ‘फ्रंटपेज’ या प्रोग्रामवर पेढीचे संकेतस्थळ तयार केले. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतलेला हा प्रोग्राम. पत्र टाईप करावे तितक्या सहजतेने त्यात पाने तयार होत. पण २००६ च्या अखेरीस कंपनीने तो बंद केला आणि २००३ ची आवृत्ती शेवटची ठरली. “पाने तर उघडत आहेत, मग चिंता कसली?” असे म्हणून आम्ही स्वस्थ राहिलो.

त्या पानांतील चौकशीचा फॉर्म मात्र सर्व्हरवर बसविलेल्या खास पूरक प्रोग्रामावर अवलंबून होता. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने एके दिवशी तो काढून टाकला. पान दिसे, फॉर्म भरता येई. पण भरलेला मजकूर आमच्यापर्यंत पोहोचत नसे. सोलापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मालाची चौकशी केली, उत्तर मिळाले नाही, म्हणून माल अन्यत्र घेतला. पुढे एका लग्नसमारंभात भेट झाली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “शेटजी, नाही म्हणून तरी कळवायचे होते.” मालाचा तोटा भरून निघतो, तो शब्द मात्र अद्याप मनात सलत आहे.

त्यानंतर पर्यायाचा शोध सुरू झाला. ‘फ्रंटपेज’च्या जागी कंपनीनेच आणलेला ‘एक्स्प्रेशन वेब’ डिसेंबर २०१२ मध्ये विनामूल्य झाला होता. फुकट मिळते म्हणून आम्ही तोच घेतला. यापुढे त्याची नवी आवृत्ती निघणार नाही, हे त्याच वेळी जाहीर झालेले होते, तिकडे लक्ष दिले नाही. काही वर्षांनी पुतण्याने अडोबी कंपनीचा ‘म्यूज’ सुचविला. पाने देखणी होत. खरेदीचा विचार चालू असतानाच, मार्च २०१८ मध्ये, कंपनीने तोही बंद करीत असल्याचे जाहीर केले. २६ मार्च २०२० नंतर त्याची देखभाल संपली. पुढे मार्च २०२४ मध्ये गूगलने दुकानांच्या नोंदीबरोबर दिलेली विनामूल्य संकेतस्थळेही बंद केली.

तेव्हा ध्यानात आले की, कोणता प्रोग्राम कायम टिकेल, हा प्रश्नच चुकीचा. मुनीम बदलतात, खाते पेढीचे राहिले पाहिजे. म्हणून निवड करताना आम्ही पुढील कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी, मजकूर बाहेर काढता येतो काय? संकेतस्थळाची पाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात ती कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. म्हणूनच आमच्या जुन्या पानांतील मजकूर व चित्रे शाबूत हाती आली. जी सेवा आपला मजकूर परत नेऊ देत नाही, ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. दुसरी, संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे? ते पेढीच्याच नावे असावे, पाने तयार करणाऱ्याच्या नावे नव्हे. व नूतनीकरणाची तारीख घरच्या रोजनिशीत असावी. तिसरी, लिपी. आपल्या सीमाभागात गिऱ्हाईक मराठी, कन्नड, हिंदी व उर्दू अशा चारही भाषांतले. मजकूर युनिकोडमध्ये असला म्हणजे प्रत्येकाच्या यंत्रावर अक्षर शुद्ध दिसते व शोधल्यास सापडते. जुन्या खास फॉन्टमधील मजकुराची पुष्कळदा निरर्थक चिन्हे होतात. चौथी, पान मोबाईलच्या लहान पडद्यावर नीट वाचता येते काय? पाचवी, रोजचे काम कोण करणार?

या शेवटच्या कसोटीने निर्णय केला. ज्यांची चार-सहा पाने वर्षभर बदलत नाहीत, त्यांना साधी एचटीएमएल पाने पुरेशी. त्यांना देखभाल थोडी लागते. आमचे भाव रोज बदलतात व ते आता सूनबाई लिहितात. म्हणून २००३ पासून चालत आलेला, कोणालाही वापरण्यास व सुधारण्यास मोकळा असलेला ‘वर्डप्रेस’ आम्ही स्वीकारला. प्रोग्राम विनामूल्य; जागेचे भाडे मात्र द्यावे लागते, आणि वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा न चुकता बसवाव्या लागतात. त्यात हयगय केल्यास चोरट्यांस दार उघडे राहते.

बदल करतानाही वहीचाच शिरस्ता पाळला. प्रथम जुन्या सर्व पानांची प्रत दोन ठिकाणी ठेवली. नवे स्थळ बाजूला तयार करून जुन्याशी पानोपान ताडून पाहिले. जुना पत्ता उघडला असता नवे पान समोर यावे, अशी व्यवस्था केली. अखेरीस शेजारच्या दुकानातून स्वतःच फॉर्म भरून तो पेढीवर पोहोचल्याची खात्री केली. आजही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस हे काम होते.

२०१९ साली ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव ऐकून परमुलखातील माणूस आपला पत्ता शोधीत येईल, तेव्हा आपले दार उघडे व हाकेस उत्तर देणारे असावे. वही बदलण्यात कमीपणा नाही; गिऱ्हाइकाची हाक मात्र वाया जाता कामा नये.