नाव ब्राऊनिंगचं, कसब सेव्हचं

‘मॅगझिन काढलं की नाइन एमएमचा चाप ओढूनही घोडा पडत नाही आणि मॅगझिन घातलं की चाप खरखरतो. असं का?’ सैन्यातून निवृत्त झालेल्या एका वाचकांचा हा प्रश्न. नोकरीत त्यांच्या कमरेला असायचं ते पिस्तूल ईशापूरच्या कारखान्यातलं, मूळ बेल्जियन ‘ब्राऊनिंग हाय पॉवर’ची भारतीय आवृत्ती.

मॅगझिन नसताना गोळी सुटता कामा नये, ही अट होती फ्रेंच सैन्याची, ज्यांच्या मागणीवरून हे पिस्तूल आखायला घेतलं गेलं. त्यासाठी चापाला जोडलेला खटका मॅगझिनच्या पत्र्यावर घासत जातो, खरखर तिथली. मागे येणारा घोडा अंगठ्याच्या बेचक्यात चिमटा काढतो, हीही जुनीच तक्रार. पण मुठीबद्दल हेच लोक भरभरून बोलतात. 13 काडतुसं पोटात घेऊनही ती हाताला बोजड लागत नाही.

ते श्रेय द्यूदॉने सेव्ह या बेल्जियन रचनाकाराचं. फळवाला वरचं संत्रं खालच्या दोघांमधल्या खळग्यात बसवतो, तशी सेव्हनं काडतुसं दोन रांगांत एकाआड एक रचली. त्यामुळे रुंदी दोन काडतुसांपेक्षा कमी भरते. तोंडाशी रांगा निमुळत्या होऊन एक होतात आणि काडतूस दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात वर येतं. खरं अवघड काम हेच! कोन जरा चुकला की काडतूस अडकलंच.

गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून मागे सरकतात. गोळी बाहेर पडून आतला दाब उतरला की नळीची मागची बाजू खाली झुकते, स्लाइड मोकळी होते आणि पुंगळी बाहेर फेकते. ही युक्ती मात्र निःसंशय जॉन ब्राऊनिंगची. पण 1923 साली त्यानं पेटंटसाठी मांडलेल्या आराखड्यात बाहेरचा घोडाच नव्हता. 1926 मध्ये तो लिएजला वारला. घोडा बसवून, पिस्तूल आटोपशीर करून 1935 मध्ये ते बेल्जियन सैन्याच्या हाती दिलं सेव्हनं. तरी स्लाइडवर नाव ब्राऊनिंगचंच राहिलं.

आपल्याकडे तर सेव्हचं ऋण दुहेरी आहे. 1971 च्या युद्धात भारतीय जवानांच्या खांद्यावर असलेली एसएलआर ज्या एफएएल रायफलवरून घडली, तीही त्याचीच रचना.