जहरी नारळ : द्रव्य आणि वृक्ष

तळीये परिसरातील एका आजीबाईंच्या बाळगुटीच्या डबीत नुकताच जहरी नारळाचा, म्हणजेच दर्याच्या नारळाचा तुकडा पाहिला. पांढरट, हस्तिदंतासारखा कठीण. बृहत्त्रयीत या द्रव्याचा उल्लेख नाही. ते आपल्याकडे सागरी व्यापारातून आले. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याची विषघ्न म्हणून ख्याती नोंदविली आहे.

मालदीवच्या किनाऱ्याला लागणाऱ्या या जोडफळाचे झाड कोणी पाहिले नव्हते. ते समुद्रतळाशी वाढते, अशी समजूत होती. १७६८ मध्ये ते सेशेल्समधील प्रालँ बेटावर सापडले. नर व मादी वृक्ष भिन्न. फळ पिकण्यास सहा-सात वर्षे लागतात. (फकिरांचे काळे कश्कूल याच्याच करवंटीचे!)

हा ताड आता संकटग्रस्त असून फळांची चोरी होते. सेशेल्सने २०१० मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणला. म्हणून औषधालयचालकांनी कागदपत्रे पाहिल्याखेरीज माल घेऊ नये. चूर्ण तर नकोच, त्यात ओळख पटत नाही. बालकांच्या उदरशूलात माझे काम मुरुडशेंग व वेखंडावर भागते. आजीबाईंनाही मी तेच सुचविले. तुकडा मात्र त्यांनी पुन्हा डबीत ठेवला.