गॅस गिझर : सफाई आणि सावधगिरी

थंडीची चाहूल लागली की दवाखान्यात सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढतात. त्यांच्याबरोबर दरवर्षी एखाद-दुसरा रुग्ण वेगळीच तक्रार घेऊन येतो : "डॉक्टर, आंघोळ करताना डोके जड होते, मळमळते, चक्कर येते." अशा रुग्णाचा रक्तदाब पाहण्याआधी मी विचारतो, "पाणी कशावर तापवता?" उत्तर बहुधा एकच असते, गॅस गिझर.

आपल्याकडे बंब गेला आणि त्याच्या जागी गॅस गिझर आला. वीज नसली तरी पाणी तापते, चुलीचा धूर नाही, ही सोय मोठीच. मात्र हा गिझर लहानशा बंद बाथरूममध्ये बसवला आणि वर्षानुवर्षे उघडून पाहिला नाही, तर तो जिवावर बेतू शकतो.

वास येत नाही, म्हणून घात होतो

गॅस जळायला प्राणवायू लागतो. तो पुरेसा मिळाला नाही, किंवा बर्नर काजळीने चोंदला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. "गॅसचा वास आला असता तर कळले असते," असे पुष्कळजण म्हणतात. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. तो गळती दाखवतो, जळून झालेला हा वायू दाखवत नाही.

रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला व हृदयाला प्राणवायू कमी पडतो. आधी डोकेदुखी, मग मळमळ, हातपाय गळणे आणि शेवटी बेशुद्धी. दार उघडण्याइतकी ताकदही उरत नाही.

प्रत्येक झटका फिटचा नसतो

लग्नाच्या वयाच्या एका मुलीला तिचे आईवडील माझ्याकडे घेऊन आले होते. दोनदा बेशुद्ध पडली, हातपाय ताठ झाले, म्हणून बाहेरगावी तिला फिटच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. घरात चिंता एकच, आता स्थळ कसे मिळणार? दोन्ही झटके बाथरूममध्ये, गिझर चालू असताना आले होते. मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तपासण्या झाल्या, गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळ्याही बंद झाल्या. पुन्हा झटका आला नाही. अर्थात, फिटच्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

सफाई आणि देखभाल

१. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त गरम पाण्याचा नळ असावा.

२. तूर्त गिझर आतच असेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. आंघोळ चालू असताना गिझर चालू नको.

३. थंडी लागते म्हणून झरोक्याला पुठ्ठा किंवा कापड लावू नये. हवेला वर आणि खाली, दोन्हीकडे वाट हवी. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये. बाहेरून हवा यायला जागा नसेल, तर तो जळालेला वायू उलट आत ओढू शकतो.

४. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली, तर वापर थांबवावा.

५. वर्षातून एकदा जाणकार मेकॅनिककडून बर्नर, त्यावरील पत्र्यांमधली काजळी आणि धूर बाहेर नेणारा पाइप साफ करून घ्यावा. पाइपात पक्ष्याचे घरटे नाही ना, हेही पाहावे. गिझर घरी खोलू नये.

६. रबरी नळी आयएसआय खुणेची असावी व मुदतीत बदलावी. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी ओढून पाहू नये.

बाळंतिणीच्या खोलीतही हाच धोका असतो. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. कोळशाचा धूर निवला तरी हा वायू निघतच असतो. बाळ-बाळंतिणीला ऊब कपड्यांची द्यावी. निखारे ठेवून कोणीही झोपू नये.

असे घडल्यास

दार उघडा, गॅस बंद करा आणि रुग्णाला मोकळ्या हवेत आणा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल व येत असेल, तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करा. "गिझर चालू होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेत ९८ टक्के दाखवू शकते, त्यावर विश्वास ठेवू नका. रुग्णाला शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो. शुद्धीवर आल्यावरही दवाखान्यात न्यावेच, कारण विसराळूपणा किंवा गोंधळलेपणा काही दिवसांनी, आठवड्यांनीही उद्भवू शकतो.

दिवाळीआधी आपण माळ्यावरची भांडीसुद्धा घासून काढतो. त्याच यादीत गिझरची सफाई लिहून ठेवावी, म्हणजे अभ्यंगस्नान निर्धास्त होईल.